पेनची रेघ पिवळी राहिली म्हणून डॉलर खरा ठरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढे तुमचं होमस्टे आहे. चोर्ला घाटातून गोव्याला निघालेलं एक परदेशी जोडपं मुक्कामाला राहिलं आणि जाताना १०० डॉलरच्या दोन नोटा आणि ५० युरोची एक नोट देऊन गेलं. तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या 'फेक नोट' पेनने रेघ ओढून बघितली, तिन्ही नोटांवर ती पिवळीच राहिली. पण शेजारचे मामा म्हणतात, एका डॉलरवर निळी पट्टी नाही, म्हणजे ती नोट खोटी. मग पेनचं ऐकायचं की मामांचं?

दोघांचंही नको. बेळगावात परकी चलनाच्या खिडकीवर माझी बरीच वर्षं गेली, तिथे पेन आणि 'आमच्या ओळखीचे एक मामा' या दोन गोष्टींनी जितके घोळ घातले तितके खोट्या नोटा छापणाऱ्यांनीही घातले नसतील.

पेनचं आधी सांगतो. त्यात आयोडीन असतं. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलं की ती काळीनिळी पडायची, तोच हा प्रकार. वहीच्या किंवा झेरॉक्सच्या साध्या कागदात स्टार्च असतो, म्हणून त्यावर रेघ काळपट उमटते. डॉलरच्या कागदात ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन असतं, युरोचा कागद निव्वळ कापसाचा. स्टार्च नाही, म्हणून रेघ पिवळसर राहते. म्हणजे पेनने फक्त कागदात स्टार्च आहे की नाही एवढंच कळतं. स्टार्च नसलेल्या कागदावर छापणाऱ्याला हे पेन पकडू शकत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे धुतलेली नोट. ५ डॉलरची खरी नोट घेऊन रसायनाने तिची शाई उतरवायची आणि त्याच कागदावर १०० छापायचे. कागद अस्सल अमेरिकन, त्यामुळे पेन तिला खुशाल पास करतं. उलट बाजूही आहे. खळ घातलेल्या कपड्याच्या खिशात राहून भिजलेली खरी नोट पेनखाली काळी पडू शकते. नोटेवर रेघोट्या मारल्या की खिडकीवर तिचा भाव पडायची शक्यता असते ती वेगळीच. ते पेन आता ठेवून द्या.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. निळ्या पट्टीची १०० डॉलरची नोट ८ ऑक्टोबर २०१३ पासून चलनात आली. त्याआधीच्या नोटांवर ही पट्टी नव्हतीच. आणि अमेरिकेने आपल्यासारखी नोटबंदी केलेली नाही, १८६१ पासून त्यांच्या सरकारने काढलेली नोट आजही कायद्याने चालते. तेव्हा पट्टी नाही एवढ्यावरून नोट खोटी म्हणता येत नाही. नोटेच्या दर्शनी बाजूला बारीक अक्षरांत 'सिरीज' आणि पुढे साल छापलेलं असतं, ते वाचा. हे साल म्हणजे नोट बाहेर पडल्याची तारीख नव्हे, म्हणून २०१३ मध्ये आलेल्या नव्या नोटांवर २००९ किंवा २००९ए असं दिसतं. आता साल आणि पट्टी जुळवा. १०० च्या नोटेवर २००९ किंवा त्यापुढचं साल असेल तर निळी पट्टी असलीच पाहिजे. २००६ किंवा त्याआधीचं असेल तर ती असता कामा नये. जुळलं नाही तर पुढचं काही तपासायची गरजच नाही. जुनं साल आणि नवी पट्टी अशी खिचडी करणारे महाभाग असतात, बरं का.

ज्या नोटेवर निळी पट्टी आहे ती आधी हातात घ्या. दर्शनी बाजूला फ्रँकलिनचं चित्र आहे. आपल्या डावीकडच्या बाजूला त्याच्या कोटाचा जो खांदा येतो, त्यावरून बोट वर-खाली फिरवा. कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून प्रचंड दाबाने छापल्यामुळे तिथे बोटाला खरखर लागते. नोट जुनी, घामेजलेली असली तरी ती पूर्ण जात नाही. इंकजेटवर छापलेली नोट सगळीकडे सारखी गुळगुळीत लागते. नोटा मोजायची सवय असलेला माणूस बहुतेक वेळा इथेच थबकतो. डोळ्याला दिसायच्या आत बोटाला कळलेलं असतं.

मग पट्टी. ती कागदावर छापलेली किंवा चिकटवलेली नसते, कागदात विणलेली असते. तिच्यावर घंटा आणि १०० चे आकडे आहेत. नोट उजेडात धरून पुढे-मागे कलती केली की घंटा आणि आकडे डावी-उजवीकडे सरकतात. डावी-उजवीकडे कलती केली की ते वर-खाली सरकतात. म्हणजे हात ज्या दिशेने हलतो, त्याला काटकोनात चित्र हलतं. हीच खूण मी सगळ्यात जास्त मानतो, कारण ही हालचाल साध्या छपाईत आणता येत नाही. खोट्या नोटांवर चकचकीत निळी फीत चिकटवलेली असते. ती चमकते, पण तिच्यातलं चित्र जागचं हलत नाही. कडेला नखाने हलकंच टोकरलं तर कधी कधी फीत सुटूनच येते. ग्राहकासमोर मात्र असं टोकरू नका, नोट खरी निघाली तर त्याचा चेहरा बघवत नाही.

पट्टीच्या शेजारी तांब्याच्या रंगाची दौत आहे आणि तिच्या पोटात एक घंटा. नोट कलती केली की घंटा तांबड्याची हिरवी होते, त्यामुळे ती दौतीत कधी दिसते, कधी लपते. खाली उजव्या कोपऱ्यातला १०० हा आकडाही तसाच तांब्याच्या रंगावरून हिरवा होतो. आपल्या ५०० च्या नोटेतला धागा हिरव्याचा निळा होताना तुम्ही रोज बघता, तेवढाच स्पष्ट बदल इथे दिसायला हवा. 'जरा बदलल्यासारखं वाटतंय' असं म्हणावं लागलं तर तो बदल नाही.

आता नोट खिडकीच्या उजेडासमोर धरा. उजवीकडच्या मोकळ्या जागेत फ्रँकलिनचाच पुसट चेहरा दिसेल, दोन्ही बाजूंनी. हेच पाणचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क. उजेडाशिवाय, टेबलावर ठेवलेल्या नोटेतही तो करडा चेहरा ठळक दिसत असेल तर तो वरून छापलेला आहे. चित्राच्या डावीकडे एक उभा धागा दिसेल, त्यावर 'यूएसए' आणि '१००' आलटूनपालटून लिहिलेलं असतं. धुतलेली नोट सापडते ती इथे. ती १०० म्हणून मिरवत असते, पण धागा आणि पाणचिन्ह मूळ नोटेचं बोलतात. जुन्या ५ च्या नोटेत लिंकनचं पाणचिन्ह होतं, घाईत बघणाऱ्याला कुठलातरी चेहरा दिसला की समाधान व्हायचं. अशाच फसवणुकीमुळे २००८ मध्ये ५ ची नोट बदलून त्यात चेहऱ्याऐवजी ५ चे आकडे पाणचिन्ह म्हणून घातले. तेव्हा चेहरा आहे की नाही एवढं बघून थांबू नका, तो कुणाचा आहे तेही बघा. लिंकनला दाढी आहे, फ्रँकलिनला नाही.

तुमची दुसरी, पट्टी नसलेली नोट. तिच्यावर मोठा, मध्यापासून जरा सरकलेला चेहरा असेल तर ती १९९६ च्या सिरीजपासूनच्या रचनेची आहे. तिच्यात पाणचिन्ह हवं, डावीकडचा धागा हवा आणि उजव्या कोपऱ्यातला १०० हिरव्याचा काळा व्हायला हवा. इथे तांबडा रंग शोधत बसू नका. चेहरा लहान आणि अंडाकृती चौकटीत असेल तर नोट त्याहून जुनी. १९९० च्या सिरीजपासून धागा मिळेल, पण पाणचिन्ह आणि रंग बदलणारी शाई मिळणार नाही. १९८९ मध्ये मनिलामध्ये १०० डॉलरच्या खोट्या नोटा सापडल्या, त्या इतक्या बेमालूम होत्या की पुढे त्यांना 'सुपरनोट' नाव पडलं. त्या याच जुन्या चेहऱ्याच्या होत्या. त्यामुळे लहान चेहऱ्याची नोट घरी बसून कुणीही खरी ठरवू नये, मीही ठरवणार नाही. अमेरिकेत ती चालते, पण इथे बरेच जण ती घेत नाहीत किंवा भाव कापून घेतात. फाटकी, शिक्के मारलेली, पेनने लिहिलेली नोट असेल तरी तेच.

निळा यूव्ही दिवा बऱ्याच दुकानांत असतो. तो चांगला आहे, पण काय बघायचं ते माहीत हवं. खरा कागद त्या दिव्याखाली मंद राहतो आणि बाजारातला पांढरा कागद निळसर झगमगतो. १०० डॉलरचा धागा गुलाबी उजळतो, ५० चा पिवळा, २० चा हिरवा, १० चा नारिंगी, ५ चा निळा. १ आणि २ डॉलरच्या नोटेत धागाच नाही, तो शोधू नका. पॅंटीबरोबर साबण पावडरीत धुतली गेलेली खरी नोटही झगमगते, कारण पावडरीत चमक आणणारं रसायन असतं. म्हणून एकट्या दिव्यावर निकाल देऊ नये. नोटा मोजायच्या यंत्राचं तर नावच काढू नका. ते रुपयासाठी बसवलेलं असतं, त्याला डॉलर कळत नाही. 'आमच्या मशीनमधून पास झाली' म्हणून भांडणारे लोक मी बघितलेत. मशीनने फक्त मोजली होती.

नोटेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून 'बघा जरा' म्हणू नका. वरच्या बहुतेक खुणा नोट हलवल्यावर, चाचपल्यावर किंवा उजेडाकडे धरल्यावर दिसतात. फोटोत त्यातलं काही येत नाही. फोटोवरून एकच गोष्ट ठामपणे सांगता येते, ती म्हणजे एकाच किमतीच्या, एकाच सिरीजच्या दोन नोटांचा क्रमांक एकच आहे का. असेल तर दोन्ही नोटा बाजूला काढा, त्यातली निदान एक तरी खोटी आहेच.

युरोचं काम त्यामानाने सोपं आहे. ५० ची नवी नोट एप्रिल २०१७ मध्ये आली. तिच्यावर डावीकडे खाली ५० चा चकचकीत आकडा आहे. नोट कलती केली की तो पाचूसारख्या हिरव्याचा गडद निळा होतो आणि उजेडाची एक रेघ त्यावर वर-खाली सरकते. उजवीकडच्या चंदेरी पट्टीत वर एक पारदर्शक खिडकी आहे, उजेडाकडे धरली की तिच्यात ग्रीक पुराणकथेतल्या युरोपाचा चेहरा दिसतो. पाणचिन्हातही तोच चेहरा. शिवाय डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या, तसं युरोत नाही. ५० ची नोट १४० बाय ७७ मिलिमीटर, २० ची १३३ बाय ७२. मोजपट्टी लावून बघा, सिनेमासाठी छापलेल्या काही नोटा मापात मार खातात. त्यांच्यावर कोपऱ्यात कुठेतरी 'कॉपी' किंवा 'मूव्ही मनी' असं छापलेलंही असतं, पण घाईत आणि अंधुक उजेडात कोण वाचतं!

पौंड आले तर आणखी एक भानगड असते. नोट खरी असते, पण मेलेली. इंग्लंडने कागदी नोटा टप्प्याटप्प्याने बंद केल्या, २० आणि ५० पौंडच्या कागदी नोटांची मुदत ३० सप्टेंबर २०२२ ला संपली. आता तिथे ५, १०, २०, ५० सगळ्या प्लास्टिकच्या आहेत. बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा आजही बदलून देते, पण तुम्ही जांबोटीत बसून लंडनला कुठे जाणार? कागदी पौंड कुणी देऊ केला तर हसून परत करा. कुवेतचंही तसंच, २०१४ च्या आधीच्या नोटा आता चलनात नाहीत. आखातातून परतलेल्यांच्या कपाटात अशा नोटा निघतात आणि वाईट वाटतं, पण इलाज नसतो. तुर्कस्तानने २००५ मध्ये लिऱ्यावरची सहा शून्यं उडवली, झिंबाब्वेने १०० लाख कोटींची नोट काढून शेवटी ते चलनच सोडून दिलं. या नोटा खऱ्या आणि देखण्या आहेत. त्या दाखवून लोकांना गंडवतात, कारण खरेपणाची कुठलीही परीक्षा त्या पास होतात.

नावांचीही फसगत होते. सौदीचा रियाल वेगळा, इराणचा वेगळा, ओमानचा वेगळा, येमेनचा वेगळा. सौदीच्या ३.७५ रियालला एक डॉलर मिळतो, ओमानचा एकच रियाल अडीच डॉलरच्या वर जातो आणि इराण-येमेनच्या गड्डीत कधी चहाही येत नाही. नुसतं 'रियाल आहेत' असं ऐकून आकडेमोड करू नका, नोटेवर देशाचं नाव वाचा. दिरहमच्या नोटेला एक बाजू अरबी आणि एक इंग्रजी असते. कागदी दिरहमात ससाण्याचं पाणचिन्ह असतं. तिथेही २०२१ पासून प्लास्टिकच्या नोटा यायला लागल्यात, त्यामुळे प्लास्टिक लागलं म्हणून दचकू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खोट्या डॉलरपेक्षा आपल्या भागातल्या साध्या माणसाला जास्त धोका गड्डीवाल्यांचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. देशभर चालणारा हा धंदा आहे. बाजारात एखादा गरीब दिसणारा माणूस किंवा बाई भेटते, हातात २० दिरहमची किंवा एखादी रियालची नोट. "साहेब, हे कुठे मोडतात? मालकाची म्हातारी वारली, तिच्या गादीत सापडल्या, घरी अजून पुष्कळ आहेत." तुम्ही ती नोट तपासायला खिडकीवर आणता. ती खरीच असते, आम्ही रुपये देतो. तुम्हाला वाटतं परीक्षा झाली. मग अर्ध्या किमतीत गड्डी द्यायची बोली होते, जागा ठरते बसस्टँड किंवा गर्दीचा चौक. फडक्यात बांधलेलं गाठोडं हातात पडतं, वरची नोट दिसते, तेवढ्यात 'पोलीस आले, चला' अशी ओरड होते. घरी येऊन गाठ सोडली की आत वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे. या फसवणुकीत खोटी नोट कुठेच नाही. म्हणून एखादा स्थानिक माणूस एकच दिरहमची नोट घेऊन खिडकीवर आला आणि डोळ्यांत चमक दिसली की मी विचारायचो, "बाकीच्या कुठे आहेत?" पुष्कळ जण रागावून निघून गेले. काही जणांनी मात्र तिथेच बसून सगळं सांगितलं आणि त्यांचे पैसे वाचले. काळ्या कागदाला रसायन लावून डॉलर 'धुऊन' दाखवणारे याच जातीचे. दाखवायला धुतलेली ती एक नोट खरी असते, बाकी पेटीभर काळा कागद.

आता नोट संशयास्पद निघाली तर. ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही, हे आधी डोक्यात ठेवा. भारतीय न्याय संहितेची कलमं १७८ ते १८२ खोट्या नोटांवर आहेत, आणि परदेशी चलनाला ती लागत नाहीत हा गैरसमज आहे. १९८६ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली अमेरिकन डॉलरही त्यात येतात असं स्पष्ट सांगितलं होतं. खोटी नोट जाणूनबुजून खरी म्हणून चालवली तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, चालवायच्या इराद्याने जवळ ठेवली तरी सात वर्षांपर्यंत. मात्र नोट तुमच्याकडे सरळ मार्गाने आली हे दाखवता आलं तर जवळ असणं गुन्हा ठरत नाही. इथे होमस्टेवाल्यांचा एक फायदा आहे. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, ज्याला आपण फॉर्म सी म्हणत आलोय. ती नोंद, पासपोर्टची प्रत आणि तुमच्या बिलाची स्थळप्रत एकत्र ठेवा. संशयाची नोट पाकिटात घालून त्यावर तारीख लिहा, घड्या घालू नका, आणि पोलिसांकडे किंवा बँकेत जा. ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहिला जाईल. वाचता येत नसेल तर जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, मगच सही करा आणि प्रत मागा. यात कुणाचा अपमान होत नाही.

नोटा मोडायला जाल तेव्हा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या ठिकाणीच जा. परवान्याची प्रत आणि दिवसाचे दर दर्शनी भागात लावलेले असतात. ओळखपत्र मागतील, ते द्या, आणि छापील एन्कॅशमेंट सर्टिफिकेट, म्हणजे नोटा मोडल्याचा दाखला, घेतल्याशिवाय उठू नका. पानपट्टीवर किंवा सोनाराकडे दोन रुपये जास्त मिळतात म्हणून तिकडे वळलात तर कागद हातात राहत नाही, आणि पुढे ती नोट खोटी निघाली की तो माणूस तुमच्याच दारात येतो. परदेशी पाहुणे नेहमी येणार असतील तर नोटा घ्यायची सवयच लावू नका. धंदा म्हणून परकी चलन घ्यायला परवाना लागतो. पाहुण्याला बुकिंगच्या वेळीच सांगा, रुपये किंवा कार्ड. घाटात शिरायच्या आधी ते बेळगावात नोटा मोडू शकतात. आणि घरात परकी चलन साठवत असाल तर नोटा मिळून २,००० डॉलरच्या किमतीची मर्यादा आहे हेही लक्षात असू द्या.

आज संध्याकाळी एवढं करा. पट्टी नसलेल्या नोटेवरचं साल वाचा, चेहरा मोठा की लहान ते बघा आणि कोपऱ्यातला आकडा हिरव्याचा काळा होतो का तपासा. पट्टीच्या नोटेतल्या घंटा सरकतात का बघा, युरोला मोजपट्टी लावा. तिन्ही ठीक वाटल्या तर उद्या शहरात जाऊन मोडून या. मोठा चेहरा असूनही आकड्याचा रंग बदलत नसेल तर ती नोट वेगळ्या पाकिटात ठेवा. चेहरा लहान असेल तर तीही वेगळी ठेवा आणि खिडकीवर सगळ्यात आधी तीच पुढे करा. बाकीच्या दोन नोटांमध्ये सरकवून देऊ नका, समोरच्याला ते लगेच कळतं आणि मग खऱ्या नोटाही तो दोनदा तपासतो.